बाबांच्या अंतर्गळाची जाळी: हलकी की जाड?

खूप दिवस लिहायचं म्हणत होते, आज रविवार आहे, पाऊस धो धो पडतोय आणि बाबा मांगरात जाळं शिवत बसलेत, म्हटलं आज लिहूनच टाकते. बाबांचं जूनमध्ये अंतर्गळाचं म्हणजे हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीने. त्यात जी जाळी बसवतात ती कुठली घ्यायची यावर आमच्या घरात दीड महिना चर्चा चालली होती, आणि तेव्हा मराठीत नीट समजेल असं काही वाचायलाच मिळालं नाही. मी डॉक्टर नाही, पतपेढीत नोकरी करते. पण जे वाचलं, जे डॉक्टरांना विचारलं आणि जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते. कुणाला तरी उपयोग होईल.

बाबा एकसष्ट वर्षांचे. पूर्वी होडी होती, ती विकली, आता रापणीला जातात, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला. मालवणकडे ज्यांनी रापण ओढताना बघितलीय त्यांना सांगायला नको, दोन्ही बाजूंनी माणसं रांगेत उभी राहून दोर ओढतात, वाळूत टाचा रुतवून, सगळा जोर कमरेत आणि पोटात. शिमग्याच्या सुमारास उजव्या जांघेत गाठ दिसायला लागली. दिसायला लागली म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होती, आईला कळली शिमग्यात. उभं राहिलं की बाहेर, खोकला आला की मोठी, आडवं पडलं की आपोआप आत. दुखायचं नाही फारसं, संध्याकाळी नुसतं जड जड वाटायचं. म्हणून लपवली.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण ही महत्त्वाची आहे. गाठ आडवं पडल्यावर आत जातेय तोवर घाई नाही. पण ती कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या तर मग रात्र असो की दिवस, गाडी काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं, कारण आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बाकी ज्यांना त्रास नाही अशा पुरुषांनी थांबून बघितलं तरी चालतं, अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला होता, 2006 साली छापून आला, त्यात थांबलेल्या लोकांमध्ये अशी अडकायची वेळ हजारात वर्षाला दोघांपेक्षा कमीच जणांवर आली. मात्र त्याच लोकांना पुढे दहा वर्षं बघितलं तर दोन तृतीयांश जणांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, मुख्यतः दुखायला लागलं म्हणून. बाबांना रापण सोडायची नव्हती, म्हणजे थांबून फायदा नव्हता.

पहिल्यांदा आम्ही गेलो एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी तपासलं, दुर्बिणीने करू म्हणाले, पाच मिनिटांत बाहेर. मग एका मुलीने आम्हाला टेबलाशी बसवून एक कागद पुढे केला, त्यावर तीन पॅकेज. सगळ्यात स्वस्त पॅकेजमध्ये साधी जाळी, मधल्यात हलकी जाळी, आणि वरच्यात हलकी आणि थोडी विरघळणारी, परदेशी. खाली लिहिलेलं, जाळी जितकी हलकी तितका त्रास कमी. ती मुलगी चांगली होती, तिला जे शिकवलं ते ती सांगत होती. पण मी विचारलं की बाबांच्या हर्नियाला यातली कुठली योग्य, तर म्हणाली मॅडम बजेटप्रमाणे. हे मला फार लागलं. बजेटप्रमाणे साडी घेतात, मोबाईल घेतात. माणसाच्या पोटात जन्मभर राहणारी वस्तू त्याच्या पोटाप्रमाणे घ्यायला नको का?

आणि बाबा तर गाडीत बसल्यावर म्हणाले, "मी कसलोच जाळ्याचो तुकडो पोटात घालून घेवचंय नाय."

मग मी वाचायला बसले. रोज रात्री जेवणं झाल्यावर.

आधी जाळी हवीच कशाला हा बाबांचा प्रश्न. पूर्वी नुसते टाके घालूनच करायचे. बासिनी म्हणून इटलीतले सर्जन होते, त्यांनी 1880 च्या दशकात ही पद्धत बसवली, फाकलेले स्नायू ओढून एकमेकांना शिवायचे. पण ओढून शिवलं की ताण येतो आणि ताण आला की पुन्हा फाटतं, जुना शर्ट फाटल्या जागी ओढून शिवला तर बाजूला फाटतो तसंच. म्हणून ठिगळ. 1958 मध्ये अशर नावाच्या अमेरिकन सर्जनने प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी वापरली, आधी पॉलिइथिलीनची आणि पुढे पॉलिप्रॉपिलीनची, आणि 1989 मध्ये लिक्टेनस्टाइनने ताण न देता जाळी लावायची पद्धत छापली ती जगभर पसरली. जाळी न वापरता करायच्या पद्धती आजही आहेत, आपल्या पुण्याचे डॉ. देसरडा यांची त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे, त्यात माणसाच्याच अंगातल्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याची एक पट्टी वापरून भिंत बळकट करतात. पण ते उघडं ऑपरेशन, चीर देऊन. दुर्बिणीने करायचं तर जाळी लागतेच, ते ऑपरेशनच मुळात जाळी बसवायचं ऑपरेशन आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात ही जाळी बसते कुठे हे कळलं तेव्हा माझा अर्धा गोंधळ मिटला. ती वरून, कातडीच्या बाजूने लावत नाहीत. आतून लावतात, स्नायूंच्या मागे आणि पोटाच्या आतल्या पातळ पडद्याच्या पुढे. त्याचेही दोन प्रकार, एकात पोटाच्या पोकळीत न शिरता बाहेरच्या बाहेर जागा करतात त्याला टेप म्हणतात, दुसऱ्यात पोटात शिरून आतला पडदा कापून जाळी ठेवतात आणि पडदा परत शिवतात त्याला टॅप. नावं सारखी वाटतात पण वेगळी आहेत. बाबांना मी हे होडीवर समजावलं. होडीला भोक पडलं आणि पत्रा आतल्या बाजूने ठोकला तर पाणी त्याला ढकलून काढायला बघतं, बाहेरून, पाण्याच्या बाजूने ठोकला तर पाणीच त्याला दाबून बसवतं. पोटाचा जोर म्हणजे पाणी. दुर्बिणीने जाळी पाण्याच्या बाजूने बसते, खोकला आला की आणखी दाबली जाते. बाबा यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना हेच सांगताना मी ऐकलं.

आता मटेरियल. बाजारात नावं पन्नास असली तरी धागे मोजकेच आहेत.

सगळ्यात जास्त वापरतात ते पॉलिप्रॉपिलीन. म्हणजे आपल्या होडीवर जे दोर पाण्यावर तरंगतात ना त्यातले बरेचसे याचेच असतात, अर्थात जाळीसाठीचं वेगळ्या शुद्धतेचं आणि निर्जंतुक केलेलं. हे शरीरात विरघळत नाही, पाणी शोषत नाही, धागा एकेरी असतो. एकेरी म्हणजे आपल्या तंगुशीसारखा, मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्यासारखा, अखंड एकच तार. दुसरं पॉलिएस्टर. ते बहुतेक वेळा पिळाच्या धाग्याचं असतं, अनेक बारीक तंतू मिळून एक धागा, त्यामुळे मऊ असतं, आतल्या वळणावर छान बसतं. पण पिळाच्या धाग्यात जंतू शिरले तर तंतूंच्या मधल्या फटीत लपतात, जंतू एवढेसे असतात की शिरतात आणि त्यांना खाणाऱ्या आपल्या रक्तातल्या पेशी मोठ्या, त्या शिरू शकत नाहीत. बाबांना हे सांगायची गरजच पडली नाही. तंगुशीचं जाळं पाण्यातून काढून झटकलं की साफ आणि सुताच्या जाळ्यात शेवाळ आणि घाण बसते ती निघता निघत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. आता एकेरी धाग्याचं पॉलिएस्टरही मिळतं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात जंतू लागायचं प्रमाण तसंही कमी असतं, त्यामुळे पॉलिएस्टर वाईट असं कुणी समजू नका, चांगले चांगले सर्जन वापरतात.

तिसरं पीटीएफई, नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाच्या जातीचं. त्याला काही चिकटत नाही हाच त्याचा गुण आणि हाच इथे दोष, कारण जांघेत आपल्याला मांस जाळीत रुजून यायला हवं असतं. याला जंतू लागले तर बहुतेकदा काढावीच लागते. पीव्हीडीएफ म्हणून आणखी एक धागा आहे, टायटॅनियमचा पातळ मुलामा दिलेलं पॉलिप्रॉपिलीन आहे, डुकराच्या आतड्यापासून किंवा कातडीपासून केलेली जैविक जाळी आहे, ती भयंकर महाग आणि साध्या स्वच्छ ऑपरेशनला तिची गरज नाही, आणि पूर्ण विरघळणाऱ्याही निघाल्यात. यातलं काही आम्हाला लागू नव्हतं म्हणून मी खोलात गेले नाही.

एक मात्र खोलात गेले कारण वरच्या पॅकेजच्या कागदावर ते लिहिलेलं होतं, आतड्याला न चिकटणारी दुहेरी थराची जाळी. अशी जाळी खरी आहे, तिचं काम पण खरं आहे, पण ते जिथे जाळी थेट पोटाच्या पोकळीत आतड्यांच्या शेजारी ठेवतात तिथे, म्हणजे बेंबीच्या किंवा जुन्या टाक्यांच्या हर्नियात वगैरे. जांघेच्या हर्नियात टेप असो की टॅप, मध्ये आपला स्वतःचा पडदा असतो, तो नीट शाबूत असला किंवा नीट शिवला की साधी जाळी आतड्याला लागतच नाही. मग तिचे जादा पैसे कशाला? हे मी कुडाळच्या डॉक्टरांना विचारून खात्री केली.

हो, कुडाळ. दुसरं मत घ्यायला आम्ही कुडाळला एका सर्जनकडे गेलो, माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं त्यांनीच केलेलं. तो दिवस मला लिहायचाच आहे.

डॉक्टरांनी बाबांना उभं केलं, खोकायला लावलं, बोटाने चाचपून बघितलं. म्हणाले, काका, हा बहुतेक डायरेक्ट प्रकारचा आहे, म्हणजे जन्मापासूनच्या वाटेतून नाही उतरलेला, भिंतच समोरून कमजोर होऊन फुगलीय, आणि तोंड मोठं वाटतंय, दोन बोटांच्या वर. नक्की आत गेल्यावर कळेल. मग मी माझी वही काढली. हलकी की जाड हा पहिला प्रश्न.

त्यांनी ड्रॉवरमधून दोन तुकडे काढले, दाखवायला ठेवलेले, मुदत संपलेल्या जाळ्यांचे. एक जरा ताठ, पांढरा, बारीक वीण. एक मऊ, मोठ्या भोकांचा, उजेडाकडे धरला की पलीकडचं कॅलेंडर दिसायचं. बाबांनी चष्मा वर केला आणि दोन्ही तुकडे हातात घेतले. मी बाबांना जाळं हाताळताना आयुष्यभर बघितलंय, अंगठ्याचं नख भोकात घालून माप घेतात, मग दोन बोटांनी दोन्हीकडून ताणून बघतात, मग गाठ बघतात. तसंच केलं. नख काही त्या भोकात गेलं नाही, मग डोळ्याजवळ नेऊन बघितलं. आणि म्हणाले, "डॉक्टरानु, ह्येची आस मोठी आसा, आणि गाठ खंयच दिसणा नाय."

डॉक्टरांना आस म्हणजे काय ते मी सांगितलं, जाळ्याच्या एका भोकाचं माप. ते एकदम खूश झाले. म्हणाले अहो हाच तर मुद्दा आहे, आम्ही त्याला पोअर साइज म्हणतो, आणि गाठी नसतात कारण ही यंत्रावर विणतात. भोक एक मिलिमीटरच्या वर असेल तर त्यातून मांस नीट रुजून येतं, प्रत्येक धाग्याभोवती वेगळं. भोक फार बारीक असेल तर एका धाग्याभोवतीचा व्रण शेजारच्या धाग्याच्या व्रणाला जाऊन मिळतो आणि सगळ्याचा मिळून एक पत्रा होतो, ताठ, आणि तो आक्रसतो. म्हणून पुढे हलक्या जाळ्या काढल्या, धागा बारीक, भोकं मोठी, परकी वस्तू कमी. एका चौरस मीटरला जुन्या जाळीचं वजन 80 ते 100 ग्रॅम, हलकीचं 50 च्या आत, काही तर 30 च्या आसपास.

मी घरी येऊन हिशोब केला. दुर्बिणीसाठी जाळी निदान 10 बाय 15 सेंटिमीटरची लागते. म्हणजे 85 ग्रॅमवाली घेतली तर पोटात गेली सव्वा ग्रॅम, 30 वाली घेतली तर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही थोडी कमी. पॅकेज एक आणि पॅकेज दोन यात जो एवढा मोठा फरक म्हणून सांगत होते तो सगळा एका ग्रॅमच्या आतला. किमतीत मात्र काही पटींचा.

ठीक आहे, पण एक ग्रॅमने खरंच दुखणं कमी होत असेल तर तो पैसा गेला तरी हरकत नाही, असंही मला वाटत होतं. कारण हर्नियाच्या ऑपरेशननंतर महिनोन् महिने दुखत राहणं ही खरी गोष्ट आहे, सगळी ऑपरेशनं मिळून दहा-बारा टक्के लोकांना ते होतं, आणि दुर्बिणीत हे कमी. चीर देऊन केलेल्या ऑपरेशनात हलक्या जाळीने जांघेत काहीतरी असल्याची भावना कमी होते असं दिसलंय. पण तिथे जाळी नसांच्या अगदी शेजारी असते. दुर्बिणीत जागाच वेगळी.

आणि नेमकं दुर्बिणीचंच एक मोठं संशोधन नेदरलँड्समध्ये झालंय. 950 पुरुष, सगळे टेप पद्धतीने केलेले, अर्ध्यांना हलकी अर्ध्यांना जाड अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी, आणि मग पाच वर्षं पाठपुरावा. हलकी जाळीवाल्यांना दुखणं काही कमी नव्हतं. आणि हर्निया परत उद्भवला तो हलक्यात 3.8 टक्के, जाडमध्ये 1.1 टक्के. तिपटीहून जास्त! स्वीडनमध्ये सगळ्या हर्नियाच्या ऑपरेशनांची नोंद ठेवतात, त्या नोंदींतूनही हेच आलं, आणि त्यात तोंड मोठं असलेल्या आणि डायरेक्ट प्रकारच्या हर्नियात हलक्या जाळीचा धोका जास्त. म्हणजे हुबेहूब बाबांचा प्रकार. ज्या जाळीला आम्हाला वरचं पॅकेज म्हणून दाखवलं होतं ती आमच्यासाठी कमी चांगली होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण आम्ही त्या कागदावर सही करायच्या अगदी बेतात होतो, चांगलं ते बाबांना म्हणून मधलं पॅकेज मी मनात धरलेलंसुद्धा.

असं का होतं? मी विचारलं डॉक्टरांना फोन करून. जोराने फाटते का हलकी? तर नाही, ताकद दोन्हीत गरजेपेक्षा जास्तच असते. प्रश्न ताठपणाचा आहे. मोठ्या तोंडावर अगदी मऊ जाळी टाकली की खोकल्याबरोबर ती त्या तोंडात फुग्यासारखी ढकलली जाते, किंवा कड दुमडते, सरकते. मांस रुजून यायच्या आधीचे जे पहिले काही आठवडे असतात तेव्हाच हे होतं. बाबा लगेच म्हणाले, पातळ जाळं खाडीत चालतं, धारेच्या पाण्यात लोळतं.

पण याचा अर्थ हलकी जाळी टाकाऊ असाही नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक माणूस, वाटेतून उतरलेला छोटा हर्निया, तिथे मी मोठ्या भोकांची जरा हलकी वापरतो, त्यात काही बिघडत नाही. आणि वजन एके वजन बघू नका, त्यांच्याकडे मध्यम वजनाची पण मोठ्या भोकांची पण होती. मग थोडी विरघळणारी म्हणजे काय विचारलं, तर त्यात अर्धा धागा पॉलिप्रॉपिलीनचा आणि अर्धा विरघळणाऱ्या टाक्याच्या जातीचा, तो तीन-चार महिन्यांत जातो. हाताळायला सोपी जाते सर्जनला, पण मागे उरते ती हलकी जाळीच. नेदरलँड्सच्या अभ्यासातली हलकी जाळीसुद्धा याच जातीची होती. डाव्या-उजव्या बाजूच्या वेगवेगळ्या, आधीच वाकवून आकार दिलेल्या जाळ्या पण दाखवल्या, आणि एक चिमटीत धरली की बोटाला चिकटायची, तिला खालून मक्यापासून होतं तसल्या विरघळणाऱ्या प्लास्टिकचे बारीक आकडे होते, ती टाक्याशिवाय धरून राहते. या सगळ्या सोयी आहेत. सर्जनचा हात ज्या जाळीवर बसलाय ती त्याच्या हातात जास्त चांगली बसते, हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि मला ते खरं वाटलं.

जाळीपेक्षा जाळीचं माप जास्त महत्त्वाचं, हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. हर्निया बाहेर यायच्या तीन जागा असतात तिथे, जन्मापासूनच्या वाटेतली, समोरची, आणि खाली मांडीकडे उतरणारी. तिन्ही झाकल्या पाहिजेत आणि कडेला चांगली जादा जागा सुटली पाहिजे. कितीही महाग जाळी छोटी कापून घातली तर हर्निया कडेने येणार. आईने तेवढं बरोबर पकडलं, म्हणाली ठिगळ भोकापेक्षा मोठं घेतात हे शिवणाऱ्या बाईला विचारायचं.

इथे एक आडवळण घेते, कारण हे मला वाचताना सगळ्यात जास्त भिडलं. आपल्या महाराष्ट्रातल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचा आहे, तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. गरीब पेशंटना जाळी परवडत नाही म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन मिळून केलेलं, निर्जंतुक केलं आणि हर्नियाला वापरलं. सुरुवातीला लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करा. पण त्यांनी इतर सर्जनना बरोबर घेऊन साडेतीनशेच्या आसपास ऑपरेशनांचा हिशोब 2003 साली भारतीय सर्जनांच्या जर्नलमध्ये छापला. आणि पुढे 2016 साली युगांडामध्ये 302 पुरुषांवर तुलना झाली, अर्ध्यांना कंपनीची महागडी जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीची. एका वर्षाने मच्छरदाणीवाल्यांत फक्त एकाचा हर्निया परत आलेला, दुसऱ्या बाजूला कुणाचा नाही, बाकी सगळं सारखंच. ते कापड आपल्या तमिळनाडूतल्या करूरचं होतं! आता ही सगळी चीर देऊन केलेली ऑपरेशनं, दुर्बिणीची नाहीत, आणि निर्जंतुक करायचं तापमान फार सांभाळावं लागतं, त्यामुळे घरातली मच्छरदाणी घेऊन कुणी डॉक्टरांकडे जाऊ नका. पण महाग म्हणजेच चांगलं, हे या विषयात तरी चालत नाही हे दोंडाईच्याच्या एका डॉक्टरांनी दाखवून दिलं याचा मला खरंच फार अभिमान वाटला. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तारीख घे."

जाळी पोटात घालणार नाही म्हणणारा माणूस त्या दिवशी तयार झाला.

तारीख जूनची घेतली, समुद्र खवळलेला, रापण तशीही बंद. त्याआधी सहा आठवडे विडी बंद करायला लावली डॉक्टरांनी, खोकल्यासाठी, आणि बाबांनी ती केली. पूर्ण भूल दिली. बेंबीजवळ एक सेंटिमीटरचं एक छिद्र आणि खाली अर्ध्या सेंटिमीटरची दोन. तासाभरात बाहेर. डॉक्टरांनी आम्हाला मोबाईलवर आतलं दाखवलं, आधी तो खड्डा, साधारण चार सेंटिमीटरचा, डायरेक्टच निघाला, आणि मग त्यावर अंथरलेली पांढरी जाळी, कुठेही सुरकुती नाही. पॉलिप्रॉपिलीन, एकेरी धागा, हलकी नाही, 15 बाय 15 मधून 15 बाय 12 ची कापलेली. एरवी ते जाळी अडकवत नाहीत, नुसती ठेवतात, दुर्बिणीत बहुतेकांना अडकवायची गरजच नसते आणि उगाच मारलेली पिन नसेला लागली तर तेच जन्माचं दुखणं. पण बाबांच्या हर्नियाचं तोंड मोठं म्हणून हाडाजवळच्या कडक पट्ट्याला तीन छोट्या पिना मारल्या, नसांच्या भागात एकही नाही.

संध्याकाळी बाबा संडासला चालत गेले. दुसऱ्या दिवशी घरी. पहिले चार-पाच दिवस खांदा दुखला, तो आत भरलेल्या गॅसमुळे असू शकतो असं म्हणाले, आणि जांघेत परत गाठ दिसली तेव्हा आई घाबरून रडली, पण ते आत साठलेलं पाणी होतं, डायरेक्ट हर्नियाच्या रिकाम्या पिशवीत साठतं, सुई न घालता पाच आठवड्यांत आपोआप जिरलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आई रडली नसती म्हणून इथे लिहून ठेवते.

एक काम मात्र प्रत्येकाने करा. जाळीच्या खोक्यावर स्टिकर असतात, त्यावर जाळीचं नाव, धागा, माप, लॉट नंबर, मुदत आणि किंमत असते. एक स्टिकर हॉस्पिटलच्या फाईलला लावतात, एक आपल्या डिस्चार्जच्या कागदावर मागून घ्यायचा. उद्या काही झालं, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर पोटात काय आहे हे कळायला हवं. आणि बिलातली जाळी तीच का हेही ताडून बघता येतं. माझ्या आत्येभावाचं चार वर्षांपूर्वी झालं, त्याला आज विचारलं कुठली जाळी तर म्हणतो चांगली. कागदावर नुसतं जाळी एवढंच लिहिलंय.

बाबांचा स्टिकर त्यांनी विम्याच्या पासबुकात ठेवलाय, आणि तो मऊ मुदत संपलेला तुकडा डॉक्टरांनी त्यांनाच देऊन टाकला, तो मांगरात खिळ्याला टांगलाय सुईदोऱ्याच्या शेजारी. सहा आठवडे झाले, दुखत नाही, खाली वाकताना कधीतरी किंचित ओढल्यासारखं वाटतं म्हणतात. दोर ओढायची परवानगी नारळी पुनवेनंतर.

मघाशी शेजारचे काका भिजत आले. त्यांना म्हणे डाव्या बाजूला गाठ आलीय, वर्ष झालं, कुणाला सांगितलं नाही. मला ऐकू येतंय इथे खिडकीत, बाबांनी तो तुकडा खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिलाय आणि विचारतायत, "ता मागीर बघ. आधी माका सांग, आडवो पडलंस काय गाठ आत जाता मां?"